घरातलं कुणीतरी करून देईल की!

मंडळी, एक वाक्य हल्ली माझ्या डोक्यात जातं. "घरातलं कुणीतरी करून देईल की!"

बोलणारा माणूस वाईट नसतो. उलट आपण समोरच्याला मार्गच दाखवतोय अशा समजुतीत तो असतो. बँकेतला तरुण साहेब हे बोलतो, दाखले काढून देणाऱ्या केंद्रातला ऑपरेटर बोलतो, आणि आपले शिकलेसवरलेले भाचे-पुतणेही बोलतात. अंध माणसाला बँकेचं ॲप वापरता येत नाही, कुष्ठरोगाने बोटं गेलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर उमटत नाही, ऐकू न येणाऱ्या मुलीला "आमच्या हेल्पलाइनला फोन करा" असं उत्तर येतं... तक्रार कुठलीही असू दे, वाक्य तयार! मला आज या वाक्याशीच भांडायचंय.

कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल. त्याचे व्यवहार पालकाने करायचे. "घरातलं कुणीतरी करून देईल" असं म्हणून आपण चाळीस-पन्नास वर्षांच्या शहाण्या माणसाला एका दमात अज्ञान करून टाकतो. आणि पालक कोण? तर त्या दिवशी घरात जो रिकामा असेल तो!

माझा एक विद्यार्थी आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. (वडूजची मंडळी ओळखतील, त्यांनीही गप्प बसावं.) शाळेत असताना दिवेलागणीला घरी जाताना तो बांधावरून पडायचा, आणि घरचे त्याला धांदरट म्हणून रागवायचे. पुढे तपासणीत कळलं की डोळ्यांचे पडदेच हळूहळू निकामी होत चाललेत. पंचविशीपर्यंत सगळं अंधारलं. आता चाळिशी ओलांडली आहे. आपल्या खटाव तालुक्यातच वाडीवर राहतो. तीन म्हशी, बायको, आई, शेजारी भावाचं घर. धारा स्वतः काढतो, डेअरीला दूध घालतो, दर दहा दिवसांचं बिल बँकेत जमा होतं.

काही वर्षांपूर्वी तो पुण्याला राहून टचस्क्रीनचा फोन वापरायला शिकून आला. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, फुकट असते. ती सुरू केली की बोट जिथे ठेवाल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो. हवी ती सापडली की दोनदा टिचकी मारायची, ती उघडते. मराठीतही बोलतो. आमच्या या पठ्ठ्याने तो आवाज इतका भरभर करून ठेवलाय की मला एक अक्षर कळत नाही, त्याला सगळं कळतं.

खात्यातली शिल्लक त्याने पहिल्यांदा स्वतः ऐकली त्या दिवशी त्याचा मला फोन आला. "बाई, चार हजार दोनशे साठ. कुणाला इचारलं न्हाई." पंधरा-सोळा वर्षं तो आपल्याच पैशांचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. म्हशी त्याच्या, कष्ट त्याचे, आणि "किती जमा झालं रे?" हे विचारायचं पुतण्याला. त्या चार हजार दोनशे साठची किंमत डोळस माणसाला कळायची नाही.

मग एके दिवशी ते ॲप 'अपडेट' झालं. नवं रंगरूप आलं, फार देखणं झालं म्हणे. त्याचा फोन मात्र त्या देखण्या पडद्यावर एवढंच वाचू लागला, "बटण. बटण. बटण. बटण." कारण ॲप बनवणाऱ्यांनी अक्षरं काढून तिथे चित्रं टाकली आणि चित्रांना आतून नावंच दिली नाहीत. एक बटण शिल्लक सांगतं, एक पैसे पाठवतं, एक कर्ज देऊ करतं. कुठलं कुठलं, ते दाबल्यावर कळणार!

तक्रार केली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की आपल्या विश्वासातल्या व्यक्तीची मदत घ्या. म्हणजे तेच वाक्य, जरा इस्त्री केलेलं.

मग घेतली मदत. पुतण्या करून देऊ लागला, पिन त्याला सांगावा लागला. दोन-तीन महिन्यांनी आठशे रुपयांचा मेळ लागेना. पुतण्याने घेतले असतील, नसतीलही. पेंडीच्या दुकानात दोनदा दिले गेले असतील. खरं काय ते कधीच कळणार नाही, कारण विचारायचं कुणाला? पुतण्याला विचारलं आणि तो निर्दोष निघाला तर भावाच्या घराशी कायमचं वाकडं. घेतलेले निघाले तरी उद्या बिल तपासायला पुन्हा त्याच्याचकडे जायचंय. तो काही बोलला नाही. पोरगाही हल्ली काकाच्या समोर फारसा येत नाही असं त्याची आई म्हणते. आठशे रुपयांचं सोडा, घरातल्या घरात संशयाचं हे जे बी पडलं ते कुणाच्या खात्यावर लिहायचं? चार बटणांना नावं न देणाऱ्यांच्या, असं माझं म्हणणं आहे.

"घरातलं कुणीतरी" म्हणणाऱ्यांना घर म्हणजे काय वाटतं कुणास ठाऊक. घरात भांडणं असतात, वाटण्या असतात, दारू पिणारा दीर असतो. नवऱ्याच्या नकळत माहेरचे चार पैसे बाजूला ठेवलेली बाई असते. ती बाई अंध असली तर? तिने कुणाकडून करून घ्यायचं? ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँकच रोज मेसेज करून बजावते. पण अंध माणसाने मात्र तो पुतण्याला, दुकानदाराला, केंद्रातल्या ऑपरेटरला सांगायचा. दोन्ही उपदेश एकाच तोंडाने!

पूर्वीच्या काळाचं मला कौतुक आहे असं समजू नका. खिडकीला जाळी असायची आणि जाळीआडचा कारकून बहुतेक वेळा वैतागलेला असायचा. जेवणाच्या सुट्टीला तर सीमाच नव्हती. पण त्याला कान होते. "साहेब, जरा वाचून दाखवा" म्हटलं तर कुरकुरत का होईना वाचायचा. न ऐकणाऱ्याला कागदावर लिहून द्यायचा. त्याच्या हातात नियम वाकवण्याएवढी तरी सत्ता होती. आता खिडकी बंद होत चालली आहे आणि बाहेर पाटी, "ऑनलाइन करा". संगणकाला दया यावी अशी माझी अपेक्षा नाही, पण मग त्याला आधीच नीट शिकवून ठेवायला नको का? अपंगत्वाचं ओळखपत्र, ते यूडीआयडी कार्ड, त्याचासुद्धा अर्ज संकेतस्थळावर भरायचा असतो. पायरीवर चढून या आणि चाकाची खुर्ची घेऊन जा, अशातलाच हा प्रकार.

आपलं वडूज हे कचेरीचं गाव. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या लोकांनी मोर्चा नेला तो याच कचेरीवर, आणि गोळ्या खाल्ल्या. कचेरीचं दार कुणाचं असतं हे या गावाला कुणी शिकवायची गरज नाही. आता दार फोनमध्ये गेलंय एवढाच फरक.

मराठीपुरतं बोलायचं तर दुखणं आणखी खोल आहे, आणि त्याला मुंबई-दिल्ली नाही, आपणच जबाबदार आहोत. सरकारी कागद संकेतस्थळावर कसा चढतो ते पाहा. कारकून परिपत्रक संगणकावर टाइप करतो. छापतो. साहेबांची सही होते, शिक्का बसतो. मग तोच कागद स्कॅनरवर ठेवून त्याचा फोटो काढतो, थोडा तिरका, आणि त्या फोटोची पीडीएफ करून चढवतो. म्हणजे जी अक्षरं संगणकात आधीपासून होती, जी कुठल्याही अंध माणसाच्या फोनने घडाघडा वाचून दाखवली असती, ती मुद्दाम मारून त्यांचं चित्र केलं! डोळसांना फरक दिसत नाही. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र तिथे मुकं होतं. चित्रातली अक्षरं ओळखायची सोय फोनमध्ये आता येऊ लागली आहे, पण पुसट झेरॉक्सच्या तिरक्या स्कॅनपुढे, वर शिक्का मारलेला असला तर, तीही गडबडते.

आणि स्कॅन नसेल तर फाँट. इथे जरा शिक्षकी करते, रागावू नका. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटांची युक्ती अशी की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर ठेवायचं आणि त्याच्या तोंडावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा. बघणाऱ्याला मुखवटा दिसतो. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पोटातलं वाचतं. कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर पोटात काय असतं? ई, जे, के, बी, एच. आता दोन पानांचं परिपत्रक अशा 'ई-जे-के-बी-एच' मध्ये ऐकून बघा. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो १९९१ पासून आहे. तेव्हा शाळेत आलेली पोरं आता पोरांची लग्नं ठरवायच्या वयाला पोहोचत आली. तरीही जुन्या फाँटचं वेड काही जात नाही. का, तर "आमच्या ऑपरेटरच्या हाताला तीच सवय आहे"! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपणही पेढे खाल्ले. ज्याला डोळे नाहीत त्याला ही अभिजात भाषा 'ई-जे-के-बी-एच' अशी ऐकू येते, याबद्दल त्या दिवशी कुठल्याच भाषणात कुणी बोललं नाही.

याउलट एक उदाहरण सांगते. स्वागत थोरात नावाचे गृहस्थ. स्वतः डोळस. त्यांनी २००८ च्या फेब्रुवारीत 'स्पर्शज्ञान' नावाचं मराठी ब्रेल पाक्षिक मुंबईतून सुरू केलं. ब्रेलची छपाई म्हणजे काय असते? जाड कागद, उठावाचे ठिपके, डोळसांच्या एका पानाला दोन-तीन पानं लागणार, वरून अंक पोस्टाने पाठवायचे. एका माणसाने मनात आणलं आणि मराठी बातम्या अंध वाचकाच्या बोटाखाली आल्या. आणि इथे कागद नाही, छपाई नाही, पोस्ट नाही, फक्त टाइप केलेली अक्षरं आहेत तशी ठेवायची आहेत, तर ते होत नाही.

कॅप्चाबद्दल न लिहिता कसं चालेल? ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात ना, ती. माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखण्याची ती परीक्षा आहे, नावाचा अर्थच तसा आहे. म्हणजे वाकडी अक्षरं दिसली तर तुम्ही माणूस! अंध असाल तर नाही. शेजारी कधी कर्ण्याचं चित्र असतं, ते दाबलं की खरखरीत इंग्रजीत काहीतरी बरळतं. मला दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही ती अक्षरं तिसऱ्या खेपेला जमतात. गंमत अशी की आजची यंत्रं ती अक्षरं सहज वाचतात. चोरासाठी लावलेलं कुलूप चोराला उघडतं आणि घरमालक बाहेर उभा.

ऐकू न येणाऱ्यांचे हाल वेगळे. बँक व्हिडिओवर प्रश्न विचारते आणि तोंडी उत्तर मागते. योजनेची माहिती देणाऱ्या व्हिडिओखाली अक्षरं नसतात. ज्यांचे हात थरथरतात त्यांना ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपलेली असते, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकाचं सांगत बसले तर पान पुरणार नाही, पण एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. प्रज्ञा प्रसून या ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या बाई. २०२३ मध्ये खातं उघडायला गेल्या, तर केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा म्हणून सांगितलं. समोरचा माणूस जिवंत आहे याची खात्री करायची असते म्हणे. ॲसिडने डोळ्यांची इजा झालेली, पापण्या मिटणार कशा? ती बाई जिवंत समोर उभी, आणि यंत्राच्या लेखी ती जिवंत असल्याचा पुरावा नाही! त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. अमर जैन हे अंध वकीलही अशाच केवायसीच्या तक्रारीसाठी गेले होते. ३० एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी दोघांचा एकत्र निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. वीस निर्देश दिले. डोळे मिचकावणं ही एकच कसोटी ठेवू नका, कागदावरची केवायसीही चालू ठेवा, हे त्यातलेच.

बघा हं, जगण्याचा हक्क. "घरातलं कुणीतरी करून देईल" हे वाक्य आता या शब्दांशेजारी ठेवून बघा. तुमच्या वतीने घरातलं कुणीतरी जगेल की!

बरं, कायदा नव्हता असंही नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस झाले. सरकारी असो की खाजगी, सेवा देणाऱ्या प्रत्येकाने नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सर्वांना वापरता येईल अशी करायची, असं त्यात लिहिलंय. नियम निघाले जून २०१७ मध्ये. हिशेब तुम्हीच करा, २०१९ च्या जूनला मुदत संपली. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने आणखी एक गोष्ट उघड केली. कायदा म्हणतो 'करायलाच हवं', आणि त्याखालच्या नियमांत जे आहे ते नुसत्या शिफारशींच्या पातळीचं. कोर्टाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा असं सांगितलं. एकोणीस वर्षं झगडून एका अंध माणसाला 'जमल्यास करावे' आणि 'करावेच लागेल' यातला फरक सरकारला समजावून द्यावा लागला. हा फरक आम्ही सातवीत व्याकरणाच्या तासाला शिकवतो.

आणि शिक्षा? पहिल्या उल्लंघनाला जास्तीत जास्त दहा हजार रुपये दंड. पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख. दहा हजारात मोठ्या बँकेच्या एका मीटिंगचा चहा-बिस्किटांचा खर्च तरी निघतो का?

आपण मात्र नावं बदलण्यात पटाईत. आधी पांगळा, आंधळा म्हणत होतो. मग अपंग म्हणू लागलो. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात' मध्ये दिव्यांग शब्द सुचवला, तेव्हापासून सगळे दिव्यांग झाले. त्याच महिन्यात सुगम्य भारत अभियान सुरू झालं. आपल्या राज्यात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला, ते चांगलंच झालं. पण शब्द बदलायला लागला एक दिवस, आणि 'बटण, बटण, बटण' बदलायला इतकी वर्षं पुरत नाहीत. सरकारी संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अ+ अ अ-' असं असतं, पाहिलंय का कधी? देवळाबाहेर 'चप्पल इथे ठेवा' अशी पाटी असावी आणि ठेवायला जागाच नसावी, तसं ते. अक्षर मोठं होतं, पण खालचा अर्ज आहे तसाच मुका. माझ्या विद्यार्थ्याला अक्षर मोठं करून काय उपयोग?

परवा एका लग्नात मी हा विषय काढला तर एकजण म्हणाले, "बाई, पण असे कितीक लोक असतील?" २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आपल्या महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर. ही मोजणी एकवीस प्रकारांच्या कायद्याआधीची. पण खरं सांगू? आकडा सांगताना मला थोडी लाजच वाटते. वर्गात साठ पोरं असली आणि त्यातल्या एकालाच फळा दिसत नसला, तर आम्ही त्याला पहिल्या बाकावर घेत होतो. "किती जणांना दिसत नाही" याची शिरगणती करून मग ठरवत नव्हतो. शेवटच्या बाकाला दिसेल एवढं मोठं लिहा, हे बी.एड.ला पहिल्या महिन्यात शिकवतात. संगणकवाल्यांच्या कॉलेजात ते कितव्या वर्षाला शिकवतात, माझ्या घरच्या इंजिनिअरांनी सांगावं.

दुसरं म्हणणं खर्चाचं. घर बांधतानाच दाराशी उतार ठेवला तर चार पाट्या सिमेंट जास्त लागतं. बांधून, फरशी बसवून, वास्तुशांत झाल्यावर पायऱ्या फोडायच्या तर खर्च येणारच. तो उताराचा खर्च नाही, आधी विचार न केल्याचा दंड आहे. आणि 'पैसे पाठवा' एवढे दोन शब्द बटणाच्या मागे लिहायला किती पैसे पडतात? काय करायचं हे माहीत नाही, ही सबबही चालणार नाही. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून काय करावं याची पहिली जागतिक नियमावली १९९९ ची आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी भारत सरकारची २००९ ची आहे. आता तर आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. पैशाचंच म्हणाल तर मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये संगणक वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र जोडीला आला. कारण काय, तर विकतची सॉफ्टवेअरं अंधांना परवडत नव्हती. त्यांनी ते जगाला फुकट वाटलं, आणि आज ते मराठीही वाचतं. दोन अंध पोरांनी आपल्या बाजूचं काम पुरं केलं. डोळसांच्या बाजूचं काम शिल्लक आहे.

तिसरं म्हणणं चांगल्या माणसांकडूनच येतं, आणि मला तेच सगळ्यात कमी आवडतं. "उद्या तुम्हीही म्हातारे होणार, तुमचीही नजर जाणार, म्हणून आज हे करा." मी सत्तरी ओलांडली आहे, नजर अधू आहे, बोट एका जागी ठरत नाही. म्हणजे हा युक्तिवाद माझ्या फायद्याचाच आहे! तरी मला तो नको. माझ्या विद्यार्थ्याला त्याचं खातं वापरता यावं यासाठी इतरांना आधी स्वतःच्या म्हातारपणाची भीती का दाखवायला हवी? आमच्या शाळेत मुलींसाठी संडास बांधायचा होता तेव्हा कुणी समितीवरच्या पुरुषांना "उद्या तुम्हीही मुली व्हाल" असं सांगितलं नव्हतं. (तरी बांधायला सात वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी.)

आता आपल्या घरचं. नात्यातले मोजले तर सहाजण संगणकाच्या नोकरीत आहेत, हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंत. लग्नाकार्यात भेटलात की "मावशी, आम्ही ॲप बनवतो" म्हणून सांगता, मला कौतुक वाटतं. या सहाजणांना माझा एक गृहपाठ आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जा, ॲक्सेसिबिलिटी उघडा, टॉकबॅक सुरू करा. डोळ्यांवर रुमाल बांधा. आणि तुम्ही स्वतः बनवलेलं ॲप उघडून त्यात एक काम पुरं करा, साधंच, बिल भरा किंवा पत्ता बदला. जिथे अडाल ते कागदावर लिहा आणि सोमवारी ऑफिसात साहेबापुढे ठेवा. "पुढच्या टप्प्यात बघू" असं म्हणाला तर विचारा, मागच्या टप्प्यात काय ठरलं होतं? सहातल्या एकीने हे मागच्या महिन्यात केलं. तिच्या ॲपमध्ये चौदा बटणं मुकी निघाली. दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांना नावं देऊन झाली म्हणाली.

बाकीच्यांना, म्हणजे जे ॲप बनवत नाहीत त्यांना, छोटं काम आहे. आपण व्हॉट्सॲपवर जे पाठवतो ते बघा. लग्नाच्या पत्रिकेचा फोटो. बारशाचं आमंत्रण, फोटो. गावच्या यात्रेचं वेळापत्रक, फोटो. निधनाची बातमीसुद्धा काळ्या चौकटीतला फोटो! माझ्या विद्यार्थ्याच्या चुलतमामाचं मागच्या पावसाळ्यात निधन झालं. गटावर तसलाच फोटो आला. त्याच्या फोनने सांगितलं, "फोटो". रोज सकाळी फुलांचे वीस फोटो येतात, त्यातलाच एक समजून त्याने सोडून दिला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सहज बोलल्यावर त्याला कळलं. सावडायलाही पोहोचता आलं नाही. गटात सत्तर माणसं होती आणि एकानेही दोन ओळी टाइप केल्या नाहीत, कारण प्रत्येकाला वाटलं की त्याला घरातलं कुणीतरी सांगेल.

तेव्हा पत्रिका पाठवाल, पाठवा, फोटोही पाठवा. पण त्याच्याखाली कुणाचं कार्य, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, एवढं मराठीत टाइप करून टाका. मार्गशीर्षात आपल्याकडे दोन लग्नं आहेत, तिथूनच सुरुवात करू.